सोनेरी टोपण आणि सराफाचे पंचवीसशे

प्रश्न साताऱ्याहून आला आहे, सोबत पेनांचे फोटोही आहेत. थोडक्यात असा: मंगळवार पेठेतलं जुनं घर उतरवायला काढलं, तेव्हा माळ्यावर आजोबांची पत्र्याची ट्रंक सापडली. आजोबा रयतच्या शाळेत मुख्याध्यापक होते. ट्रंकेत पासबुकं, टिपणवह्या आणि चष्म्याच्या जुन्या घरात तीन पेन. एक पार्कर ५१, सोनेरी टोपणाचा, टोपणावर आजोबांची आद्याक्षरं कोरलेली. दुसरा बहुधा चिनी. तिसरा "जाड, तपकिरी, गळका, बिनकामाचा". ओळखीच्या सराफाने पार्करचे पंचवीसशे देऊ केले. इंटरनेटवर तसाच पेन दीड लाखाला दिसला. भाऊ म्हणतो विकून मोकळी हो, आई म्हणते हात लावू नको. पेन १९५१ सालचा असावा असा अंदाज आहे. खरी किंमत किती, आणि विकावा का?

ताई, सांगलीत हरभट रोडमागच्या बोळात अडतीस वर्षं मी पेनच दुरुस्त करतोय. त्याआधी वडील करायचे. असा प्रश्न महिन्याला एकदा तरी दुकानात येतो, आणि बहुतेक वेळा पेन "जरा पुसून" आणलेला असतो. म्हणून किमतीच्या आधी हे सांगतो: पेन आहे तसा राहू द्या. चिंच नको, पितांबरी नको, टूथपेस्ट तर नकोच. सोनेरी टोपणावर सोन्याचा थर कागदासारखा असतो. आठवडाभर हौसेने घासलं की कडेला पितळ डोकावतं, आणि ते पुन्हा झाकता येत नाही. स्पिरिट किंवा नेलपॉलिश काढायचं पाणी लावलं तर पेनच्या अंगावर बारीक तडे जातात. निब ओढून काढायचा मोहही आवरा. पार्कर ५१ ची निब प्लास्टिकच्या आवरणात लपलेली असते, चिमणीच्या चोचीएवढं टोक तेवढं बाहेर. ते आवरण पकडीने पिळलं की उभं चिरतं.

आता ओळख पटवू. ५१ म्हणजे १९५१ हा समज जवळजवळ प्रत्येक घरात आहे. पार्कर कंपनी १८८८ ची. हा पेन तयार झाला १९३९ च्या सुमाराला, कंपनीच्या एक्कावन्नाव्या वर्षी, म्हणून हे नाव. बाजारात सगळीकडे आला १९४१ मध्ये आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बनत राहिला. म्हणजे तुमचा पेन १९४५ चाही असू शकतो आणि १९६५ चाही.

ते ठरवायला पेनची शेपटाकडची बाजू बघा. तिथे छोटं टोपण फिरवून निघत असेल आणि आत दाबायचा दट्ट्या असेल, तर तो जुन्या व्हॅक्युमॅटिक पद्धतीचा, १९४८ च्या आसपास किंवा त्याआधीचा. त्यात रबराचा पडदा असतो. तो आत्तापर्यंत हमखास कडक झालेला किंवा वितळून चिकटलेला असतो, म्हणजे दुरुस्ती आली. शेपूट सलग असेल आणि मधल्या कड्यापासून मागचा भाग उलगडून आत धातूची नळी, तिच्यात दाबायची पट्टी दिसत असेल, तर तो १९४८ नंतरचा, एअरोमेट्रिक. त्या नळीवर कंपनीचं नाव आणि पट्टी किती वेळा दाबायची याची सूचना इंग्रजीत कोरलेली असते. आतली पिशवी रबराची नसून पारदर्शक प्लास्टिकची असते, आणि ती पिशवी हे या पेनचं खरं कौतुक. सत्तर वर्षांनंतरही नुसत्या पाण्याने चालू होणाऱ्या अशा पिशव्या मी शेकड्यांनी पाहिल्या आहेत. तुमच्या फोटोत शेपूट सलग दिसतंय, म्हणजे तुमचा एअरोमेट्रिक.

मागच्या भागावर, कड्याजवळ, पुसट अक्षरं असतील. बॅटरीचा उजेड आडवा टाकून मोबाइलने फोटो काढा. बोटाला न लागणारी अक्षरं फोटोत वाचता येतात. 'मेड इन यूएसए' असेल आणि शेवटी एखादा सुटा अंक असेल, तर तो वर्षाचा शेवटचा अंक. दशक मात्र भरायच्या पद्धतीवरून आपणच ठरवायचं. 'मेड इन इंग्लंड' असेल तर तो ससेक्समधल्या न्यूहेवनच्या कारखान्यातला, आणि त्यावर हा अंक सहसा नसतो. आपल्याकडच्या घरांत दोन्ही सापडतात.

रंगाचं थोडं निवांत बघू, कारण तिथे एक शक्यता आहे. तुम्ही "मरून" लिहिलंय. ५१ मध्ये बर्गंडी नावाचा काळपट लाल होता, तो भरपूर निघाला. आणि प्लम नावाचा एक होता, तो थोडाच काळ बनला. दोन्ही ट्यूबलाइटखाली सारखेच दिसतात. सकाळी अंगणात न्या, पांढऱ्या कागदावर ठेवा. डाळिंबाच्या सालीकडे झुकला तर बर्गंडी. कृष्णाकाठच्या वांग्याची जांभळट झाक मारली तर प्लम, आणि मग मागणारे दुप्पट होतील. माझा अंदाज बर्गंडीचा आहे, पण मोबाइलच्या फोटोवरून रंग सांगणाऱ्या माणसावर कधी विश्वास ठेवू नका. माझ्यावरही.

चिनी नक्कल नाही ना, हेही बघून घ्या. हिरो कंपनीचे पेन आपण सगळ्यांनी शाळेत वापरले. त्यांची घडण ५१ वरूनच उचललेली, खिशाला अडकवायच्या पट्टीवरचा बाण सुद्धा. काही उद्योगी लोक त्यावर पार्करचं नाव टाकून विकतात. खऱ्या ५१ चं टोपण लावताना पीळ नसतो, खटकाही नसतो. ते सरकत जाऊन मऊसूत धरतं, आणि हा स्पर्श एकदा बोटाला कळला की डोळे मिटून सांगता येतं. अंगाचं प्लास्टिकही दाट लागतं, नखाने टिचकी मारली तर पोकळ वाजत नाही.

आता सराफाचे पंचवीसशे. त्यांनी तुम्हाला फसवलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या काट्यावर पेन नव्हता, मोड होती. टोपणाच्या आत कडेला बारीक खूण असेल. अमेरिकन पेनावर '१/१०, १२ के' अशा धर्तीची, इंग्लिश पेनावर 'रोल्ड गोल्ड'. पहिलीचा अर्थ असा की पत्र्याच्या वजनाचा दहावा भाग बारा कॅरेटचं सोनं, म्हणजे शुद्ध सोनं विसावा भाग. पत्रा चार ग्रॅम धरला तर ०.२ ग्रॅम. निब चौदा कॅरेटची, म्हणजे शंभरात साडेअठ्ठावन्न भाग सोनं, आणि ती अर्ध्या ग्रॅमच्या आतली. दोन्ही मिळून अर्धा ग्रॅमसुद्धा शुद्ध भरत नाही. त्यात टोपणाचा थर सत्तर वर्षांच्या खिशाने झिजलेला. आजचा दर तुम्हीच लावा, घट काढा, सराफाचा नफा काढा. पंचवीसशे कुठून आले ते कळेल.

विट्याचे एक गलाईवाले माझ्या ओळखीचे आहेत. खानापूर-आटपाडीकडच्या बऱ्याच माणसांसारखे तेही तरुणपणी परमुलखात सोनं गाळायला गेले, आता गावी परत आलेत. सोनं चढल्यापासून त्यांच्याकडे निबा यायला लागल्या. सुट्या, पुडीत बांधलेल्या. दिवाळीच्या सुमाराला त्यांनी मला बोलावून एक पुडी उलगडून दाखवली. बावीस निबा होत्या, एकीवर पांढऱ्या ठिपक्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या शेफरचं नाव, दोन पेलिकनच्या. मी काट्यावरच्या भावाला सगळ्या घेतल्या. त्यांच्या मागचे पेन कुठे गेले कुणास ठाऊक. निब मुशीत गेली की पेन भंगारात जातो, आणि निबेविना पार्कर म्हणजे नुसता दांडा. तेव्हा तुम्ही विका अगर ठेवा, पण मोडीत घालू नका. ही एकच गोष्ट मी हट्टाने सांगेन.

आता दीड लाख. खरसुंडीच्या बाजारात खिलार खोंडाचा मालक काय सांगतो आणि दावं कितीला सुटतं, हे आपल्याकडच्या माणसाला शिकवायला नको. इंटरनेटवर दिसतो तो सांगितलेला आकडा. तो पेन तिथे दोन वर्षं पडून असेल, तरी आकडा तोच. लिलावाच्या मोठ्या संकेतस्थळांवर विकल्या गेलेल्या वस्तूंची यादी वेगळी काढता येते. फक्त तीच बघा. तीही बघताना आपला पेन कुठल्या अवस्थेतला आहे हे विसरू नका. डबी, कागद, भावाची चिठ्ठी चिकटलेला, कधी शाई न लागलेला पेन एकीकडे आणि रोज तपासणीच्या वह्यांवर चाललेला आपला पेन दुसरीकडे. नाव एकच, दर्जा वेगळा. शिवाय ५१ दुर्मीळ नाही. सगळ्या वर्षांत मिळून ते दोन कोटींच्या घरात बनले. जुना आहे म्हणून महाग, हे गणित पेनात चालत नाही.

माझ्या पाहण्यातले व्यवहार सांगतो. साधा स्टील टोपणाचा, चालू स्थितीतला ५१ आपल्याकडचे संग्राहक चार ते सात हजारांना घेतात. सोनेरी टोपण नितळ असेल, थर कुठे गेलेला नसेल, तर सात ते बारा. तुमच्या टोपणावर आद्याक्षरं आहेत. परक्या माणसाला दुसऱ्याची अक्षरं नको असतात, म्हणून भाव उतरतो. नाव कुणा मोठ्या माणसाचं असेल आणि तसा लेखी पुरावा असेल, तर उलटं होतं. तुमच्या आजोबांना साताऱ्यात शेकडो विद्यार्थी ओळखत असतील, पण बाजार त्यांना ओळखत नाही. तेव्हा सहा ते नऊ हजार. प्लम निघाला तर हा आकडा विसरा आणि मला कळवा. अक्षरं घासून काढू का, असं भावाने सुचवलंय. नको. अक्षरं जातील, सोबत सोनंही जाईल, आणि जाणकाराला तिथला खळगा दिसल्याशिवाय राहणार नाही.

मी हे असं ठामपणे बोलतो, कारण माझ्या हातूनही घडलंय. १९९४ साली तासगावच्या एका निवृत्त गुरुजींनी मला नारिंगी रंगाचा जाडजूड पार्कर ड्युओफोल्ड विकला. टोपणाला दोन पट्ट्या, अंग काळवंडलेलं. मी तो मोटारीच्या चाकावर, कापडी बफावर धरला. दहा मिनिटांत आरशासारखा झाला. मग पुण्याहून आलेल्या एका व्यापाऱ्याला तीनशेला दिला आणि स्वतःवर खूश झालो. त्याने जाता जाता पेन उजेडात धरून विचारलं, "यावरची अक्षरं कुठं गेली?" अक्षरं बफाला लागलेल्या लाल पावडरीत गेली होती. अक्षरं असती तर तो किती देणार होता, हे त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

आता तुमच्या त्या "जाड, तपकिरी, गळक्या" पेनकडे वळतो. खरं सांगायचं तर फोटो बघताना माझी नजर त्याच्यावरच अडकली. पार्कर मी रोज बघतो.

तो एबोनाइटचा दिसतोय. एबोनाइट म्हणजे गंधक घालून शिजवलेलं कडक रबर. मूळचा तो काळाच असणार. उन्हाने आणि हवेने एबोनाइट मातकट तपकिरी पडतं. टोपण काढून, जिथे ते अंगाला झाकत होतं तिथला रंग बघा. तिथे काळा असेल तर माझं बरोबर. अंगठ्याने जोरात चोळा आणि वास घ्या. काडेपेटीची आठवण होईल असा गंधकाचा वास येईल. कापराचा वास आला तर तो सेल्युलॉइड. मग त्याला देवघरातल्या निरांजनाजवळसुद्धा नेऊ नका, भुर्रकन पेटतं.

असे पेन आपल्या देशात लेथवर हाताने कातले जायचे. राजमहेंद्रीच्या रत्नम यांचं काम १९३२ पासूनचं. गांधीजींना त्यांनी बनवलेला पेन पोचला आणि १९३५ च्या जुलैमध्ये त्यांनी पत्र लिहून तो आवडल्याचं कळवलं, ही गोष्ट पेनवाल्यांत पाठ आहे. हैदराबाद, मद्रास, मुंबई सगळीकडे असे कारागीर होते. स्वदेशीच्या काळातल्या शिक्षकांकडे असे पेन असणं अगदी साहजिक. लग्नात आलेला पार्कर सणासुदीला खिशाला आणि रोजच्या लिहिण्याला हा, असं मी बऱ्याच घरांत ऐकलंय. तुमच्या आजोबांच्या टिपणवह्या काढा आणि अक्षराची जाडी बघा. ५१ ची रेघ बारीक, एकसारखी. एबोनाइटच्या पेनची निब बहुधा लवचिक, मात्रेला जाड आणि वेलांटीला बारीक होणारी. कुठला पेन किती चालला हे त्या वह्याच सांगतील.

गळतो, त्याचंही कारण आहे, आणि तो बिघाड नाही. अशा पेनात पिशवी नसते, ड्रॉपरने शाई थेट अंगात ओततात. शाई निम्म्यावर आली की वरची जागा हवा घेते. हाताच्या उबेने हवा फुगते आणि शाईला पुढे ढकलते. थेंब पडतो. जुन्या मास्तरांच्या खिशाखालचा निळा डाग यातूनच आलेला. पेन निम्म्याला आला की भरून ठेवायचा आणि आट्यांना सिलिकॉनचं ग्रीस अगदी बोटाच्या टोकाएवढं लावायचं. दिवाबत्तीचं तेल किंवा सायकलचं ग्रीस लावू नका. गरम पाणी तर अजिबात नको, गरम पाण्यात एबोनाइट आणखी मातकट होतं.

त्यावर कारागिराचं नाव सापडलं तर उत्तम. भाव आज पार्करएवढा येणार नाही. पण देशी एबोनाइटचे जुने पेन जमवणारी माणसं वाढताहेत आणि हा बाजार अजून बसायचाय. हा पेन विकायची घाई करू नका, असं माझं स्पष्ट मत. पार्कर पुन्हा मिळेल. हा एका माणसाने एकदाच कातलेला आहे.

चिनी पेनबद्दल फार लिहीत नाही. नातवंडांना द्या, छान लिहितो.

पार्कर जागा कसा करायचा, ते सांगतो. हे तुम्ही घरी करू शकता. मागचा भाग उलगडून बाजूला ठेवा, तो भिजवायचा नाही. वाटीत साधं पाणी घ्या, गार किंवा अगदी किंचित कोमट. पेनचं तोंड कड्यापर्यंत बुडेल असं उभं टेकवून रात्रभर ठेवा. सकाळी पाणी निळं झालेलं असेल. पाणी बदला आणि पट्टी सावकाश दाबा, सोडा. पहिल्यांदा काहीच होणार नाही. दुसऱ्या तिसऱ्या दिवशी निबेच्या फटीतून निळा धागा पाण्यात उतरताना दिसेल, उदबत्तीच्या धुरासारखा, उलटा. आजोबांनी शेवटची भरलेली शाई ती. माझ्या दुकानात माणसं इथे गप्प होतात. पाणी स्वच्छ यायला कधी चार दिवस लागतात, कधी दहा. बुडबुडे आले आणि पिशवीत पाणी चढलं की पिशवी शाबूत आहे. मग साधी निळी धुऊन जाणारी शाई भरा. चित्रकलेची पक्की शाई किंवा शिक्क्याची शाई घातलीत तर मात्र पेन माझ्याकडेच येईल, आणि मी आधी ओरडेन.

हा पाण्याचा सल्ला सगळ्या पेनांना लागू नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. दुकानात पाणी शिरलं ते छातीएवढं. वरच्या फळीवरचे वाचले, खालच्या खणातले तीन दिवस पाण्यात होते. ५१ धुतले, वाळवले, सगळे चालू झाले. एबोनाइटचे रंगाने उतरले, पण जगले. आणि एका ट्रेमध्ये इंग्लंडचे जुने केसीनचे पेन होते. केसीन म्हणजे दुधातल्या प्रथिनापासून केलेलं प्लास्टिक, दिसायला संगमरवरासारखं देखणं. ते पाणी पिऊन फुगले, वाकले आणि वाळताना तडकले. बायको म्हणाली, दूध नासलं. हसावं की रडावं कळेना. तेव्हा अंगावर रंगीत नक्षी असलेला एखादा पेन आणखी निघाला तर भिजवण्याआधी विचारा.

दुरुस्तीला कुठेही द्या, पण देण्याआधी निबेचा जवळून फोटो काढा, आणि पावतीवर "सोन्याची निब, १४ कॅरेट" असं लिहून घ्या. कऱ्हाडच्या एका वकिलांचा पेन एका दुकानातून परत आला तेव्हा आत स्टीलची निब होती. पावतीवर फक्त "१ पेन" लिहिलं होतं. वकील असूनही.

आता विकावा का. भाऊ आणि आई दोघांचंही ऐकलं. मला त्यात एक तिसरा प्रश्न दिसतो: पेन कोणाचा? आजोबांना तुमचे वडील एकटेच नसतील. आत्या असतील, काका असतील. सहा-नऊ हजारांचा पेन परस्पर विकला आणि नंतर सांगली-साताऱ्यातल्या कुठल्या तरी लग्नात आत्याने विचारलं, "दादांचा पेन कुठंय गं?" तर त्याचं उत्तर नऊ हजारांत बसत नाही. आधी सगळ्यांना फोटो पाठवा, विकायचा विचार आहे असं सरळ लिहा, आठ दिवस थांबा. बऱ्याचदा तिथेच निकाल लागतो. कुणीतरी म्हणतं, मी ठेवतो, तुमचा हिस्सा घ्या.

कुणालाच नको असेल आणि पैशाची गरज असेल तर खुशाल विका. मी अशा वेळी माणसाला हळवं करत नाही. माझ्याकडे एका बाईंनी मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी सासऱ्यांचे दोन पेन विकले, तेव्हा मीच गिऱ्हाईक शोधून दिलं. पेन कपाटात वाळत पडण्यापेक्षा ते बरं. पण गरज नसेल, नुसतं "पडून आहे" म्हणून विकायचं असेल, तर महिनाभर वापरून बघा. वाणसामानाची यादी लिहा, दुधाचा हिशेब लिहा. महिन्यानंतर हाताने मागितला तर ठेवा, नाही मागितला तर विका. तुमच्या जागी मी असतो तर पार्कर विकायला मोकळा ठेवला असता आणि तपकिरी ठेवून घेतला असता. आई याच्या उलट म्हणेल असं मला वाटतं. त्यांचं ऐका.

विकायचा ठरला तर दुरुस्तीवर आधी खर्च करू नका. धुऊन चालतो एवढं दाखवलं की पुरे, बाकी संग्राहक आपल्या ओळखीच्या माणसाकडून करून घेतो. फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅशशिवाय: टोपण दोन्ही बाजूंनी, आतली खूण, अंगावरची अक्षरं, निबेचं टोक समोरून आणि बाजूने, आतली नळी, आणि जिथे ओरखडा किंवा पितळ दिसतं ती जागा मुद्दाम. दोष तुम्ही आधी दाखवला की घासाघीस कमी होते. निबेच्या टोकाशी जो बारीक चमकता दाणा असतो तो शाबूत आहे का, हे विचारतीलच. दाणा सोन्याचा नसतो, त्याहून कितीतरी कडक धातूचा असतो, आणि तो झिजला किंवा उडाला की भाव निम्मा. निदान दोन-तीन जणांकडून आकडा घ्या. पुण्या-मुंबईत जमवणारे आहेत, कोल्हापुरातही आहेत.

पैशाच्या बाबतीत एक सावधगिरी, कारण गेल्या वर्षी माझ्याच गिऱ्हाइकाला फटका बसलाय. फोनवरचा माणूस म्हणतो, मी सैन्यात आहे, पोस्टिंग लांब आहे, पैसे आधीच पाठवतो. सातारा जिल्ह्यात अपशिंग्यासारखी गावंच्या गावं फौजेत, त्यामुळे "फौजी आहे" म्हटलं की आपण पाघळतो. मग तो क्यूआर कोड पाठवतो, "हा स्कॅन करा, पैसे जमा होतील". यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की पैसे तुमचे चालले. तिथेच फोन ठेवा.

पाठवताना शाई पूर्ण काढा, पेन मऊ कापडात गुंडाळा, नळाच्या पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा कापून त्यात घाला, दोन्ही तोंडं बंद करा आणि मग खोक्यात. विमा उतरवून पाठवा. परदेशी गिऱ्हाईक मिळालं तर कस्टमच्या कागदपत्रांची चौकशी आधी करा. शंभर वर्षांपलीकडच्या जुन्या वस्तू देशाबाहेर नेण्यावर १९७२ च्या कायद्याने बंधन आहे. तुमचा पार्कर तेवढा जुना नाही, पण ट्रंकेतून आणखी काय काय निघेल सांगता येत नाही.

टिपणवह्या रद्दीत घालू नका. पेन विकला तरी त्या पेनने लिहिलेली दोन पानं घरात राहतील. शिवाय जाणकार गिऱ्हाईक कधी कधी तशा एका पानाचा फोटो मागतो, निब कशी लिहिते ते बघायला.

सांगलीकडे येणं झालं तर दोन्ही पेन घेऊन या. टोपण वर करून, खिशात उभे. एसटी स्टँडवरून चालत पंधरा मिनिटं. गुरुवारी दुकान बंद असतं, आणि दुपारी दोन ते चार मी जेवून पडलेला असतो. प्लम की बर्गंडी, ते दारातल्या उजेडात मिनिटभरात सांगतो. त्याचे पैसे घेत नाही.